जर्मनांच्या रांगेत

"हे हेल्मेट जर्मन आहे," सिडनी ऑडलिंग म्हणाला.

"तुम्हीही जर्मनच आहात, काका," टेबलामागची मुलगी म्हणाली. "ही रांग जर्मनांची. आपल्या सैनिकांची ती, पलीकडची."

"तशी पाटी नाही लावलेली."

"मग विचारायचं की कुणाला तरी!"

मुलगी लंडनची होती. रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावून काही विचारणारा इसम आमच्या लिंकनशर परगण्यात अजून जन्माला यायचा होता. पलीकडची रांग विमानतळाच्या फाटकाबाहेर गेली होती. तिच्यात मधेच घुसण्यापेक्षा जर्मनीकडून लढणं सिडनीला सोपं वाटलं. त्याने हेल्मेट घेतलं आणि मुलीचे आभार मानले.

युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. याच धावपट्टीवरून एका रात्री आमची विमानं जर्मनीतला एक पूल उडवायला गेली होती, आणि लंडनची एक कंपनी आता त्या मोहिमेवर सिनेमा काढत होती. सैनिकांच्या गर्दीसाठी ती गावचीच माणसं घेत होती. सिडनी तेव्हा इथे विमानांची इंजिनं बघायचा. युद्धानंतर तो सायकली दुरुस्त करू लागला.

"या, जनरलसाहेब!" संध्याकाळी पबमध्ये मालक बर्टने स्वागत केलं. "आज कुठला देश घेतलात?"

"तोफेवर बसवलंय मला."

"मारायचं कुणाला?"

"विमानाला."

"कुणाच्या?"

"बर्ट, जर्मन तोफ कुणाच्या विमानाला मारते?"

पब हसला. सिडनीने ग्लासात तोंड घातलं.

घरी एडनाने, त्याच्या बायकोने, जेवण वाढता वाढता विचारलं, "मिसेस टास्करना काय सांगणार आहेस?"

त्याने मीठ मागितलं. मिसेस टास्करचा मुलगा लेनर्ड त्या मोहिमेवर गेला होता. पुलाजवळच्या तोफेने त्याचं विमान पाडलं. त्या विमानाची इंजिनं सिडनीने तपासलेली होती. इंजिनांचा काही दोष नव्हता, तसं कुणी म्हटलंही नव्हतं. पण तेव्हापासून दर शनिवारी तो म्हातारीचा कोळसा आत आणून टाकायचा. दोघं हवेबद्दल बोलत, मांजराबद्दल बोलत. लेनर्डबद्दल कधीच नाही. आणि त्या सिनेमात आपण दिसणार असल्याचं, जर्मन व्हायच्या आदल्याच दिवशी, हौसेने तिला सांगून आला होता तो.

सिनेमा गावात लागला, तेव्हा म्हातारीने टोपी घासूनपुसून ठेवली होती.

"खुर्च्या फार कडक आहेत हो तिथल्या," सिडनी कोळसा ओतता ओतता म्हणाला.

"चर्चच्या बाकांपेक्षा?"

"आवाज फार असतो."

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आवाज त्या बाजूने येऊ दे."

"मी जेमतेम दिसतो. तेही पाठमोरा."

"तुझी पाठ ओळखते मी, सिडनी. इतकी वर्षं कोळसा टाकताना तीच तर बघतेय."

पुढचं वाक्य त्याने मनात तीनदा जुळवलं. मग म्हणाला, "आज वारा बरा आहे."

"थोडा पूर्वेकडून आहे," मिसेस टास्कर म्हणाली.

शनिवारचा दुपारचा खेळ भरला होता. सिडनी पडद्यावर आला आणि तो अजिबात पाठमोरा नव्हता. हेल्मेटखालून त्याचे दोन्ही कान बाहेर आले होते.

"सिड, लाज वाटते का रे!" मागून बर्ट ओरडला.

"गेल्या महिन्यात माझ्या सायकलीचा ब्रेक याच जर्मनाने बसवला!" दुसरं कुणी तरी.

थिएटर खिदळत होतं. मग पडद्यावरच्या सिडनीने तोफ फिरवली, आकाशात विमानाने पेट घेतला, आणि ते पुलापलीकडे कोसळलं. हसणं जागच्या जागी थांबलं. खाली बसलेला सिडनी आपल्या बुटांकडे बघत राहिला. शेजारी पर्स उघडल्याचा आवाज झाला.

"पेपरमिंट घे," मिसेस टास्कर कुजबुजली. तिने स्वतःही एक तोंडात टाकली.

सिनेमा संपला रे संपला की आमचे लोक दाराकडे पळतात. एकदा राष्ट्रगीत सुरू झालं की जिथे असाल तिथे खिळून राहावं लागतं आणि बस चुकते. एडनाही पळाली. मिसेस टास्करची काठी खुर्चीखाली गेली होती. सिडनीने ती काढून देईपर्यंत बँड सुरू झाला. दोघं ताठ उभी राहिली. या वेळी आमच्यात कुणी खोकतही नाही.

मिसेस टास्कर बोलली.

"ती तोफ खरी होती?"

सिडनीने आधी आजूबाजूला पाहिलं. "लाकडी होती."

"तू तिथे होतास ना पण. विमान असं लगेच पडलं?" ती समोरच बघत होती. "लेनर्डचंही असंच झालं असेल? लगेच?"

सिडनीने विमान पाहिलंच नव्हतं. बांबूला बांधलेला एक रुमाल त्याच्यापुढे हलवला होता, त्याच्यावर त्याने नेम धरला होता. बाकी सगळं नंतर लंडनमध्ये केलेलं. आणि लेनर्डच्या वेळी तो इथे हँगरमध्ये, हात पुसत, आकाशाकडे कान लावून बसला होता.

"लगेच," तो म्हणाला. "काही कळायच्या आत, मिसेस टास्कर."

"असं."

बँड थांबला. राष्ट्रगीताबरोबर पडद्यावर दाखवतात ती घोड्यावर बसलेली राणी गेली, दिवे लागले. झाडूवाली बाई रांगांमधून कागद गोळा करत त्यांच्यापर्यंत आली, थबकली, आणि त्यांची रांग सोडून पुढच्या रांगेकडे वळली. दोघं अजून उभीच होती.