तीन ठोके

प्राध्यापकबाईंनी काचेच्या पेटीचं बूच उपसलं. आतली वाळू तळाच्या भोकातून सुरसुरत बाहेर पडू लागली, आणि वाळूवर उभा केलेला हातभर उंचीचा दगडी खांब सावकाश खाली उतरून नेमका आपल्या बैठकीवर बसला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"यंत्रं नसताना एवढे अवजड खांब त्या लोकांनी उभे कसे केले?" बाई माइकवर म्हणाल्या. "बारा वर्षं मी या कोड्यामागे होते. शेवटी उत्तर मला वाळूत सापडलं."

वाळूत म्हणे! तिसऱ्या रांगेतल्या पाथरवटानं मांडीवरची टोपी चुरगाळली. उत्तर सापडलं होतं त्याच्या अंगणात, त्याच्या तोंडून. तीन उन्हाळे बाई 'दादा, दादा' करत त्याच्याकडे येत होत्या. "पहिलं नाव तुमचं घेईन," असं त्या म्हणाल्या, म्हणून तर बापाची शपथ मोडून त्यानं घराण्याची विद्या त्यांच्यापुढे ठेवली. केसानं गळा कापला बाईनं. आयत्या बिळावर नागोबा!

आणि हे बघायला त्यानं धाकट्या भावाला आणलं होतं. नऊ वर्षांचा अबोला मोडून, स्वतः त्याच्या दारात जाऊन. घराण्याचं नाव निघेल तेव्हा दोघांनी शेजारी बसावं, एवढीच हौस. दोन खुर्च्यांच्या मधल्या दांडीवर दोघांचे हात एकमेकांना लागून होते.

"शेवटी आभार मानतीलच की," तो पुटपुटला.

आभार झाले. विद्यापीठाचे, छायाचित्रकाराचे, पेटी उचलून आणणाऱ्यांचेसुद्धा. मग लोकांनी आग्रह केला म्हणून बाईंनी प्रयोग पुन्हा मांडला.

"मघाशी एक गोष्ट राहिली," असं म्हणत त्यांनी हातोडीनं खांबावर ठोके मारले. टक, टक. जरा थांबून, टक. "दगडाला तडा आहे का, ते आवाजावरून ओळखायची ही प्राचीन पद्धत."

कसली प्राचीन आणि कसलं काय! ते ठोके त्याच्या बापाचे. लहानपणी धाकट्याचं बोट दगडाखाली सापडून पेर गेलं, तेव्हापासून दगड उतरवण्याआधी बाप ठोकायचा. हात काढ, पोरा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे थोरल्यालाही तीच सवय लागली.

"ऐकलंस?" पाथरवट भावाकडे वळला. "आता तरी पटलं ना? सगळं माझ्याकडून नेलंय हिनं."

"पटलं," भाऊ म्हणाला.

त्याची नजर समोरच्या पेटीवर होती.

"बाबा गेले तेव्हा मी तुझ्या पाया पडलो होतो, दादा. वाळू कशी सोडायची तेवढं शिकव म्हणून. म्हणालास, शपथ आहे, सख्ख्या भावालाही सांगता येणार नाही." त्याचा आवाज चढला नाही. "मला ते खरं वाटलं. नऊ वर्षं लोकांच्या मोऱ्यांत फरशा बसवल्या मी."



व्यासपीठावर बाई कुणाला तरी ठोके पुन्हा करून दाखवत होत्या. टक, टक.

तिसरा ठोका पडायच्या आत भावानं दांडीवरचा हात काढून घेतला.