डाव्या फेरीचा कौल

शाळेच्या मैदानावर माणसाला माणूस खेटून उभा होता. पोरं कुंपणावर, म्हातारे पायऱ्यांवर, आणि मधोमध ती जुनी, रंग उडालेली, बोनेटला पोचे पडलेली जीप. जीपच्या पुढे घंटा वाजवत दीपबाबा चालले होते. त्यांच्यामागून ती दांडगी गाडी, दावं धरून ओढलेल्या म्हशीसारखी, मुकाट गोल फिरत होती.

"दिवा लागे, जीव जागे, मेला तोही बोलू लागे!" बाबांनी सूर लावला. चाल झकास होती. अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्यावर सोडलेली होती.

"थोरल्या! तुझ्या पोरीनं शहरात जाऊन नर्स व्हावं, हे तुला पटतं का?" बाबांनी गाडीतल्या आत्म्याला विचारलं.

बाबा डावीकडे वळले, गाडीही वळली. आणि स्टिअरिंगमागच्या काचेत तीन पिवळे दिवे एकदम पेटले.

"लागले! लागले!" गाडी चालवणारा थोरल्याचा धाकटा भाऊ ओरडला. एरवी तो याच गाडीतून शाळेच्या पोरांची डोंगरावरून ने-आण करायचा. त्याच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं, म्हणजे गेलेल्या थोरल्याच्या आईनं, डॅशबोर्डवरून हात फिरवला. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"रागावू नको रे बाळा. नाही पाठवत तिला."

"आता चाकं सरळ करून गाडी बंद करा," बाबांचा आवाज खोल गेला. "डोळे मिटा. श्वास धरा. त्याला म्हणा, तुझंच खरं. हं, फिरवा किल्ली!"

गाडी सुरू झाली. दिवे क्षणभर चमकले आणि विझले. गर्दीनं धरलेला श्वास सोडला. मग बाबांनी कौलाचा उरलेला भाग सांगितला: पोरीनं मठात सेवेला राहावं. सेवा म्हणजे मठातली भांडी, मठातले कपडे आणि बाबांचे पाय. हे मेलेल्या माणसाला वरून इतकं तपशीलवार कसं दिसलं, ते कोणी विचारलं नाही.

शाळेच्या दारात थोरल्याची बायको उभी होती. ती याच शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. लेकीला सोमवारी कॉलेजात हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा जाणार होती. घरात म्हातारीचा शब्द शेवटचा, आणि म्हातारीनं शब्द त्या तीन दिव्यांना देऊन टाकला होता.

बाईंना त्या गर्दीचा राग येत होता, पण पुरता येत नव्हता. नवरा तापानं गेला, आणि काही महिन्यांनी त्याच्या लाडक्या गाडीत पहिल्यांदा ते दिवे लागले, तेव्हा बाईंच्याही काळजात लकाकलं होतं. एवढंसं, पिवळं. तुम्ही आहात का हो तिथं, असं ओठांवर आलं होतं. विज्ञानाच्या बाईंच्या! म्हणून तर त्या इतके दिवस गप्प राहिल्या होत्या.

पण आज त्यांनी बाबांचे पाय पाहिले. दुकानदारानं विचारलं होतं, मठाला धान्य पोचवलं तर थोरल्याला आवडेल का? तेव्हा बाबा उजवीकडे वळले होते. दिवे लागले नाहीत, म्हणजे आवडेल. शिंप्यानं विचारलं होतं, मठाचं फुकट शिवणकाम बंद करू का? बाबा डावीकडे वळले होते, आणि दिवे पेटले होते. आज लेकीचा प्रश्न, तोही डावीकडेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली, लेकीला हाक मारली आणि गाडी मैदानावर आणली. उजवीकडे फेरी मारली. काही नाही. डावीकडे मारली. तीन दिवे. चाकं सरळ केली, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, दिवे गेले. मग गाडी जागची न हलवता स्टिअरिंग डावीकडे पूर्ण पिळलं. तीन दिवे.

"आई, तू पप्पांना काही विचारलंस?"

"काहीच नाही."

"मग रागावले कशावर?"

बाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. मग पदर खोचून पुढच्या उजव्या चाकाशी आडव्या झाल्या. चाकामागून एक बारीक वायर आत गेली होती. तिला धरून ठेवणारा चिमटा तुटला होता. चाक डावीकडे वळलं की ती ताठ ताणली जायची. ताणाच्या जागी साल फाटून तांबं दिसत होतं.

संध्याकाळी पुन्हा गर्दी. बाई सरळ पुढे गेल्या.

"आज प्रश्न मी विचारते. आणि फेरी कुठून घ्यायची तेही मीच सांगते."

"दिशा आत्मा ठरवतो, माई!" बाबांची घंटा थांबली.

"मग तुम्हाला कसली अडचण? मेलेल्याला डावं काय नि उजवं काय!"

"बरोबर आहे बाईंचं!" शिंपी मागून ओरडला.

"भावजी, डावीकडे घ्या." बाईंनी आवाज चढवला. "अहो, मी तुमची लग्नाची बायको आहे ना?"

तीन दिवे पेटले.

"नाही म्हणतोय," कोणीतरी पुटपुटलं आणि जीभ चावली. दुसरं कोणी फिसकन हसलं.

बाबांनी घाईनं हात वर केला. "श्वास धरा, डोळे मिटा..."

"श्वासबीस राहू द्या. भावजी, चाकं सरळ करा आणि नुसती किल्ली बंद करून सुरू करा."

दिवे गेले. मंत्र न म्हणता गेले, याचा काहींना धक्काच बसला.

"आता उजवीकडे. अहो, हे दीपबाबा भोंदू आहेत, असं मी म्हणते. तुम्हाला पटतं का?"

गाडी फिरली, पुन्हा फिरली. एकही दिवा लागला नाही.

"पटलं! थोरल्याला पटलं!" शिंपी टाळ्या वाजवत नाचला, आणि मैदान हसण्यात बुडालं.

"अज्ञानी लोक! आत्मा वायरीतसुद्धा शिरतो!" बाबा किंचाळले.

बाई थबकल्या. "वायरीचं नाव तर मी अजून काढलंच नव्हतं, बाबा."

हशा थांबला. बाईंनी चाकामागची वायर सगळ्यांना दाखवली, ती सैल करून जागेवर बसवली आणि चिकटपट्टीनं बांधली. "आता डावीकडे घ्या." गाडी फिरत राहिली. काच काळीच राहिली. फेरी संपेपर्यंत बाबांची घंटा जमिनीवर होती आणि बाबा फाटकाबाहेर.

"ऐका," बाई म्हणाल्या. "ही वायर चाकाची खबर गाडीला पोचवते. ती खबर तुटली की गाडी तीन दिवे लावते, आणि बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ते विझवत नाही. चाक घसरलं, ब्रेक मारताना जाम झालं, उतारावर गाडी सुटली, तर साधे ब्रेक आहेत, पण मी मदत करू शकणार नाही, एवढंच ती सांगते. याच गाडीतून तुमची मुलं रोज डोंगर उतरतात. गाडी धोका सांगत होती आणि आपण तिच्यापुढे हात जोडत होतो. दिसलेल्या गोष्टीला कारण असतं. ते शोधा. सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणा. पण तुमच्या दुःखावर दुकान मांडणाऱ्याच्या हातात ते देऊ नका."

म्हातारी अजून गाडीतच होती. तिचा हात डॅशबोर्डवरच होता.

"म्हणजे माझा मुलगा इथं नव्हता?"

बाईंनी दार उघडलं आणि तिच्याजवळ टेकल्या. "नव्हते, आई. मलाही वाटलं होतं, असावेत. पण असते, तर पोरीला अडवलं असतं का त्यांनी?"

म्हातारी डॅशबोर्डवरचा हात काढून सावरून बसली. मग पदरानं नाक पुसून धाकट्याकडे वळली.

"बसलास काय असा? आधी गाडी गॅरेजात ने, ती वायर नवी टाकून आण. मग पोरीला कॉलेजात सोडून ये."