ठोक्यांच्या वेळची शांतता

बराकीतले आवाज थांबले, हे हवालदाराला ऐकून नाही, पाहून कळले. तो मोगरी घेऊन आत आला आणि समोरची तोंडे एकामागून एक मिटत गेली. दाराजवळ दोघे भांडत होते, त्यातल्या एकाचा हात हवेतच राहिला. मागच्या कोपऱ्यात कोणीतरी हसत होता, त्याचे खांदे हलायचे थांबले.

हवालदाराने पहिल्या खिडकीच्या पहिल्या गजावर मोगरी मारली.

काम साधे होते. संध्याकाळी कैदी आत घेतले, मोजणी झाली, की प्रत्येक खिडकीचा प्रत्येक गज लाकडी मोगरीने ठोकायचा. धड गज टणकन वाजतो आणि थोडा वेळ वाजत राहतो. कापलेला किंवा सुटलेला असेल तर आवाज बसका येतो. नोकरीला लागल्यापासून हवालदार हेच करत आला होता आणि त्याच्या हाताखालून एकही कैदी पळाला नव्हता. कैदी त्याला टणटणकाका म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, आता तोंडावरही.

अलीकडे तो ठोकताना डावा पंजा गजावर ठेवी. कोणी विचारले तर सांगे, "गज हलू नये म्हणून." खरे कारण वेगळे होते. त्याचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा अर्धा. गजाची थरथर तळव्याला कळेल, एवढ्या भरवशावर तो दिवस काढत होता. निवृत्ती जवळ आली होती. तोवर हे कोणाला कळता कामा नये. कळले असते तर मोगरी गेली असती, तिच्यामागे सरकारी खोल्या गेल्या असत्या, आणि 'बहिरा गज ठोकत होता' हे वाक्य तेवढे मागे राहिले असते.

शेवटचा गज ठोकून तो वळला. बराक अजून गप्पच होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने बाहेर येऊन दाराला कुलूप लावले आणि जाळीतून मागे पाहिले. तोंडे पुन्हा हलू लागली होती.

कुठेतरी पाणी मुरत होते.

*

"अहो, जरा कमी करा तो आवाज!" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि टीव्हीच्या पुढे उभी राहूनच बोलली, कारण तसे बोलल्याशिवाय उपयोग नव्हता. "शेजारीण आज काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आम्ही आमचा टीव्ही विकून टाकतो. तुमच्या टीव्हीवर आमची पूर्ण मालिका होते."

"बाजूला हो. बघू दे."

मालिका तुरुंगातल्या कैद्यांची होती. चौघे जण पळून जायचा बेत करतात आणि दर आठवड्याला बेत एक बोट पुढे सरकतो. गावात ती सगळेच बघत. तुरुंगाच्या फाटकावरचे शिपाई बघत, नवे जेलरसाहेब बघत, आणि कैद्यांच्या जेवणघरातही ती लागत असे. मग अधीक्षकांच्या लक्षात आले की आपण कैद्यांना काय दाखवतो आहोत, आणि तिथला टीव्ही बंद झाला.

मालिकेत एक गज ठोकणारा होता. जाडा, झोपाळू, विनोदासाठी घेतलेला. कैद्यांनी गज कापून कापलेल्या जागी साबण आणि काजळी भरली होती. ठोकणारा आला की ते मोठमोठ्याने गाणी म्हणत, आणि तो बावळट ताल धरून पुढे निघून जाई.

"तुमचा जोडीदार आला बघा," बायको म्हणाली.

हवालदार हसला नाही. "ते आवाज करतात," तो म्हणाला. "आमचे गप्प बसतात. का?"

"काय?"

"मी गज ठोकायला लागलो की सगळी बराक गप्प. महिना होत आला. आधी असं नव्हतं."

"मग बरंच आहे की."

"बरं कसं? काहीतरी शिजत असल्याशिवाय इतकी माणसं एकदम गप्प बसतात?"

बायकोने कपाळाला हात लावला. "ओरडले तरी संशय, गप्प बसले तरी संशय. मग त्या बिचाऱ्यांनी करायचं काय? त्यापेक्षा कान दाखवून या म्हणते, तर ते नाही."

"कानाच्या डॉक्टरचा कागद ऑफिसात जातो."

"मग मोगरीनंच तपासा कान," ती म्हणाली आणि आत गेली. हे वाक्य त्याने ओठांवरून वाचले.

*

शांतता कधी सुरू झाली, हे हवालदाराला नेमके आठवत होते. ती कात्री नावाच्या कैद्याने त्याचे केस कापले त्या आठवड्यात सुरू झाली होती.

तो त्याच बराकीतला होता. मोठी शिक्षा, बारीक अंग, स्वच्छ नखे. तुरुंगात येऊन केस कापायला शिकला आणि इतका शिकला की शिपाईसुद्धा त्याच्याकडेच डोके देत. त्या दिवशी त्याने हवालदाराच्या गळ्याभोवती कापड बांधले आणि मागे उभा राहून काम सुरू केले. बऱ्याच वेळाने तो पुढे आला आणि आरशात बघून बोलला.

"काका, मी मागून तुम्हाला बावळट म्हणालो. दोनदा म्हणालो. तुमची मानसुद्धा हलली नाही."

हवालदाराने दाराकडे पाहिले.

"पहिल्यांदा वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे," कात्री म्हणाला. "दुसऱ्यांदा कळलं, कानाचा प्रश्न आहे."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला कशाला सांगू?"

"काय पाहिजे तुला?"

कात्रीने कानामागचे केस सारखे केले. "काही नको. आमचा टीव्ही बंद केलाय. या आठवड्यात मालिकेत काय झालं, तेवढं सांगा."

तुरुंगात फुकट कोणी पाणीही पाजत नाही, हे हवालदाराला पक्के माहीत होते. गोष्टीच्या बदल्यात एवढे मोठे गुपित कोण पोटात ठेवील? मागणी पुढे येणार. आज गोष्ट, उद्या विडी, परवा चावी. तो मागणीची वाट बघत राहिला. ती आली नाही, आणि त्यामुळे तो आणखी अस्वस्थ झाला.

गोष्ट मात्र तो सांगत गेला. दर आठवड्याला, जाळीपाशी, उभ्याउभ्या. साबण, काजळी, भुयार, दोर यांतले काही तो सांगत नसे. ती जागा तो स्वतःच्या डोक्याने भरून काढी.

"मग पहारेकऱ्याला संशय आला आणि चौघे पकडले गेले."

"परत?" कात्री म्हणाला. "काका, तुमच्या मालिकेत दर आठवड्याला सगळे पकडले जातात. मग पुढच्या आठवड्यात दाखवतात काय?"

मागे बसलेले हसले. हवालदाराला हसू ऐकू आले नाही, दात दिसले.

त्याने हिशोब मांडला. बहिरा ठोकणारा कोणाला हवा असतो? गज कापणाऱ्याला. कात्रीला आपले गुपित माहीत आहे, तरी तो सांगत नाही. म्हणजे आपण इथेच राहावे, असे त्याला वाटते. आणि बराक गप्प बसते ती कापलेल्या गजापाशी आपली मोगरी येते तेव्हा श्वास रोखून. यात सांधा कुठेच सुटत नव्हता.

*

"गप्प बसतात?" जेलरसाहेबांनी विचारले.

"हो साहेब. मी ठोकायला लागलो की."

"ही तक्रार आहे का, हवालदार?" साहेब हसले, पण पेन खाली ठेवले. "तुम्हीपण मालिका बघता वाटतं."

"सगळेच बघतात, साहेब."

"मीपण बघतो," साहेब म्हणाले. "गप्प बसतात म्हणता. ठीक आहे. झडती घेऊ."

झडती दुसऱ्याच दिवशी सकाळी झाली. कैदी भिंतीपाशी रांगेत उभे केले. गाद्या उसवल्या, डबे उपडे केले, फरशा टाचेने ठोकून पाहिल्या. एका घोंगडीच्या घडीत साबणाचे तुकडे निघाले. त्यातले निम्मे काजळीने काळे केलेले होते.

"साबण!" शिपाई ओरडला. "साहेब, साबण आणि काजळी!"

सगळे धावले. हवालदारही पुढे झाला. आपण बरोबर होतो. साहेबांनी एक काळा तुकडा उचलून उजेडात धरला. त्याला घोड्याचे तोंड कोरलेले होते. मग एक पांढरा उचलला. तो उंट होता.

"बुद्धिबळ," साहेब म्हणाले.

तरी ते जप्त झाले. कात्रीची कात्री, वस्तरा आणि फुटका आरसाही पिशवीत गेला. झडती म्हटल्यावर काहीतरी न्यावे लागते.

मग कारखान्यातला मिस्त्री आला. लोखंडात आयुष्य गेलेला माणूस. त्याने हवालदाराची मोगरी मागून घेतली आणि गज ठोकत निघाला. तिसऱ्या खिडकीपाशी थांबला, एक गज पुन्हा ठोकला, मग हाताने हलवला. वरच्या टोकाकडून लाल भुगा पडला.

"कापलेला नाही," मिस्त्री म्हणाला. "गंजलाय. वरून पाणी मुरतंय. आजचं नाही हे, बरेच दिवसांचं दिसतंय."

"वाजतो कसा?" साहेबांनी विचारले.

"फुटक्या मडक्यासारखा. मुलालाही कळेल."

साहेब हवालदाराकडे वळले. "हा तुम्ही रोज ठोकता ना?"

"हो साहेब."

"कळलं नाही?"

हवालदाराने डावा पंजा त्या गजावर ठेवला. साहेबांनी त्याला खांद्याला धरून हलकेच फिरवले, आता त्याची पाठ खिडकीकडे होती आणि तोंड कैद्यांच्या रांगेकडे. मग त्याच्यासमोर येऊन ते म्हणाले, "मिस्त्री उलटसुलट ठोकतील. खराब गज वाजला की हात वर करा. एवढंच."

ठोके सुरू झाले असावेत. हवालदाराच्या उजव्या कानात काहीतरी दूरवर पडल्यासारखे झाले, मग पुन्हा झाले. दोन्ही सारखेच होते. समोर रांग उभी होती. कोणाचे ओठ हलत नव्हते.

रांगेत बरोबर त्याच्या समोर कात्री होता. कात्रीचा हात उचलला गेला आणि त्याने कानाची पाळी धरली, डास चावल्यासारखी. डोळे हवालदाराच्या डोळ्यांत.

खूण होती. यात शंका नव्हती.

हवालदाराच्या डोक्यात सगळा हिशोब पुन्हा एकदा झरझर फिरला. खूण खरी असेल तर हा मला वाचवतोय. का वाचवतोय? आज त्याची कात्री माझ्यामुळे गेली. उसवलेल्या गाद्या माझ्यामुळे. त्याच्या जागी मी असतो तर मी काय केले असते? चुकीच्या ठोक्यावर कान धरला असता, आणि मजा बघितली असती.

कात्रीने पाळी सोडली नव्हती. आता त्याने भुवयाही उचलल्या. जवळजवळ विनवणी केल्यासारख्या.

हवालदाराने हात वर केला नाही. पुढचे दोन ठोके जाऊ दिले. मग कात्रीने मान खाली घातली आणि त्याच वेळी हवालदाराने हात वर केला.

साहेब पुन्हा समोर आले. ते रागावलेले नव्हते, आणि तेच वाईट होते. आजवर ते त्याला हवालदार म्हणत आले होते.

"काका," ते मोठ्याने म्हणाले, "कधीपासून?"

*

पुढचे कागद तयार होईपर्यंत त्याला फाटकाजवळच्या भेटीच्या खोलीत बसवले. तिथे काम नव्हते, खुर्ची होती. आता सगळेच त्याच्याशी ओरडून बोलत आणि बोलून झाल्यावर इकडेतिकडे बघत. खोल्या निवृत्तीपर्यंत राहतील, असे साहेबांनी तोंडी सांगितले. हे त्याने बायकोला सांगितले. मालिका लागली तेव्हा तिने आपणहून आवाज वाढवला आणि शेजारच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

दोन दिवसांनी नव्या माणसाला काम दाखवायला म्हणून त्याला पुन्हा बराकीत पाठवले. नवा शिपाई चांगला होता, उंच आणि कानाने तिखट. मोगरी त्याच्या हातात लहान दिसत होती. हवालदार दारातच उभा राहिला.

"सुरू करू?" नव्याने ओरडून विचारले.

हवालदाराने मान हलवली.

पहिला ठोका पडला. हवालदार रांगेने बसलेल्या कैद्यांकडे बघत होता. दाराजवळचे दोघे भांडत होते. त्यातल्या एकाने हात हवेत फिरवला आणि तो फिरतच राहिला. दुसरा ठोका पडला. कोणी डबा मागत होता, कोणी मागच्याला काही सांगत होता आणि मागचा हसून मांडी थोपटत होता. नवा शिपाई पुढच्या खिडकीकडे गेला. तोंडे हलतच होती. सगळीकडे हलत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कोणाचेही मोगरीकडे लक्ष नव्हते.

तिसऱ्या खिडकीत नवा गज बसवला होता. त्याखाली कात्री बसला होता, रिकामे हात मांडीवर ठेवून. त्याच्या गालांवर खुंट वाढले होते. तो हवालदाराकडे बघत होता. तो एकटाच काही बोलत नव्हता.

नवा शिपाई चिडून वळला. तो बराकीकडे बघून काहीतरी ओरडला. 'गप्प बसा रे' असावे. काही फरक पडला नाही. मग तो हवालदारापाशी आला, तोंड जवळ आणले आणि एकेक शब्द सुटा करून विचारले, "काका, तुमच्या वेळीपण असाच बाजार असायचा का?"

हवालदाराने पुन्हा एकदा कात्रीकडे पाहिले.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या वेळी गप्प बसायचे."