गच्चीवर 'चेक' चालत नाही

माझ्याइतकी चकचकीत काच पुसणारी बाई या शहरात दुसरी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कोणी म्हणायची वाट बघितली तर दोराला लटकूनच म्हातारी होईन. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणं हा आमचा घरचा धंदा. दादा कामं मिळवतो आणि खाली पाइप, बादल्या, गाडी सांभाळतो. वहिनी गच्चीवरून दोर सोडते. मी लटकते. आणि लग्न झाल्यापासून माझा नवराही गच्चीवर असतो. दोरकामाचा रीतसर कोर्स केलेला, शांत माणूस. वहिनीच्या मते मात्र तोंडाचा आळशी, कारण तो 'चेक' म्हणतो.

आमच्याकडे त्या शब्दाला बंदी आहे. पूर्वी दादा स्वतः लटकायचा. एकदा उतरण्याआधी त्याने वरच्या माणसाला विचारलं, "कडी बघितलीस का?" तो म्हणाला, "चेक केली." त्याने केलं होतं एवढंच, की पिशवीत डोकावून दोर अडकवायची कडी आणली आहे ना ते पाहिलं होतं. तिचं तोंड बंद ठेवणारी फिरकी आवळली आहे का, हे कोणी पाहिलंच नव्हतं. दादा जमिनीच्या जवळ आल्यावर पडला म्हणून वाचला, पण त्याचा गुडघा गेला तो गेलाच. तेव्हापासून वहिनी गच्चीवर चढली आणि तिने 'चेक'ला हाकलून दिलं.

नुसतं गच्चीवरून नाही, घरातूनही. दादा म्हणाला, "जरा दूध चेक कर," की ती कमरेवर हात ठेवून विचारणार, "म्हणजे काय करू? वास घेऊ, चव घेऊ, का उतू जातंय ते बघत उभी राहू?" मला कणकण वाटली आणि दादाने "ताप चेक कर" म्हटलं, तर, "कपाळाला हात लावू का थर्मामीटर लावू, ते सांगा." तिचं म्हणणं असं, की या एका शब्दाने आपले चांगले दहा शब्द गिळलेत. पाहणं वेगळं, निरखणं वेगळं, चाचपणं वेगळं, ओढून बघणं वेगळं, पडताळणं वेगळं. 'चेक केलं' म्हणणाऱ्याने यातलं काय केलं, हे त्यालाही धड ठाऊक नसतं.

म्हणून आमची पद्धत ठरलेली. मला दोन दोर असतात. एकावर मी लटकते, तो वहिनीचा. दुसरा पहिल्याने दगा दिला तर, तो नवऱ्याचा. मी कठड्यावरून पाय टाकण्याआधी दोघांनी आपापल्या दोराचं एकेक काम करत करत, काय केलं ते मोठ्याने सांगायचं. वहिनीचं ऐकण्यासारखं असतं. "गाठ ओढली. कडीची फिरकी आवळली. दोर चाचपला. कठड्याची कड निरखली." खणखणीत, पाढे म्हटल्यासारखं. ते ऐकलं की माझ्या पोटातली भीती जायची आणि मी राणीसारखी खाली उतरायचे.

नवऱ्याचं मात्र, "चेक... म्हणजे, ओढली. गाठ ओढली." वहिनीने त्याचं नाव चेककर ठेवलं होतं. आधी तो हसायचा, मग हसेनासा झाला.

खाली बादल्यांवर पाठवायची धमकी वहिनी आठवडाभर देत होती. त्या दिवशी गच्चीवर पाय ठेवताच तिने निकाल सांगितला. "भावोजी, आज पुन्हा तो शब्द ऐकू आला तर उद्यापासून तुम्ही खाली बादल्यांपाशी. माझी नणंद आहे ती दोरावर. मी कोणाची भीड धरणार नाही."

येताना गाडीत नवरा मला बोललाच होता. बादल्याच भरायच्या असतील तर तो दुसऱ्या कंपनीत जाणार होता, आणि त्यांना मीही हवी होते. म्हणजे एका शब्दासाठी मला वहिनीला तरी सोडायचं होतं, नाहीतर नवऱ्याला. दोघांचाही मला संताप आला होता, आणि दोघांपैकी एकालाही सोडायची माझी तयारी नव्हती.

वारा सुटला होता. मी पट्टे आवळले, कठड्यापाशी गेले, तोंड गच्चीकडे केलं.

"सांगा," मी म्हटलं.

"गाठ ओढली," वहिनी म्हणाली. "कडीची फिरकी आवळली. दोर चाचपला. कठड्याची कड निरखली."

"आता तू."

नवऱ्याची नजर माझ्याकडे नव्हतीच.

"अरे, बोल ना!"

"थांब, उतरू नकोस," तो म्हणाला. "वहिनी, तुमची कडी चेक करा."

"झालं!" वहिनी कडाडली. "तोंडाला लागलेलंच आहे! उचला बादल्या."

"उचलतो. पण फिरकी उघडी आहे. तुम्ही बोलत होतात तेव्हा दोन्ही हातांनी केस बांधत होतात."

वहिनीचे हात अजून मानेमागेच होते. वाऱ्याने सुटलेले केस तिने मुठीत धरले होते. मी वाकून कडी पाहिली. फिरकी पार खाली होती, कडीचं तोंड मोकळं. मी तिथेच मटकन बसले.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी म्हटलं ना, आवळली म्हणून," ती पुटपुटली. "मी म्हटलं..." ती खोटं बोलली नव्हती. इतकी वर्षं रोज तेच बोलून शब्द आपोआप बाहेर पडायला लागले होते, आणि हातांवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. आणि मी? मी डोळे मिटून ऐकत होते.

वहिनीने तिचा दोर उचलून नवऱ्यापुढे धरला. "भावोजी, हा तुम्ही घ्या. मी जाते खाली."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दोरावर जीव माझा लटकणार होता, तेव्हा बोलायचंही मीच.

"कोणी खाली जायचं नाही," मी म्हटलं. "दोर वहिनीच सोडेल. आणि आता कोणी बोलू नका. आधी करा. मी बघते."

वहिनीने कडी हातात घेतली. फिरकी फिरवायला तिला वेळ लागला, पण मी घाई केली नाही. तिने गाठ ओढली, दोर वीतवीत चाचपत आणला, कठड्यावर ओणवी होऊन कड पाहिली. मग ती नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"तुमची मी बघते," ती म्हणाली. "माझी तुम्ही बघा. रोज."

"बघेन, वहिनी."

ती माझ्याजवळ आली, माझा पट्टा उगाचच सारखा केला. "तुला अजून भरवसा वाटतो माझा?" तिने हळूच विचारलं.

"काल होता त्याहून जास्त," मी म्हटलं. "काल तुला भीती वाटत नव्हती."

ती रडली नाही, वहिनी रडणाऱ्यातली नाही. तिने नाक ओढलं आणि दोर धरला.

मी पाय टाकला. दोर ताणला गेला आणि मी सावकाश खाली सरकू लागले. पहिल्या काचेवर पाणी मारून वर पाहिलं, तर कठड्यावरून वहिनीचं डोकं बाहेर आलेलं, केस वाऱ्यावर पिंजारलेले. इतक्या वर्षांत मी दोरावर असताना तिने कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं. आज ती माझ्यावरून नजर काढत नव्हती.