फोटोतलं कपाळ

जळगावच्या कौतिक फोटोग्राफरला एक खोड होती. नवी वस्तू हाती आली की हा जगाला शिकवायला निघायचा. एकोणीसशे अडतीस साली मुंबईहून त्यानं उजेड मोजायचं मीटर आणलं आणि गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत ते त्याच्या नाकासमोर धरू लागला. काटा हलला की गिऱ्हाईक दचके, याला बरं वाटे. त्याच खेपेला नव्या तऱ्हेची फिल्मही आली. जुन्या फिल्मवर लाल जास्वंद म्हणजे नुसता काळा गोळा यायचा. फोटो काळापांढराच, पण हिच्यावर लाल रंग फिकट येऊन पाकळीची शीर न् शीर उतरली. झालं, जुनी फिल्म अडगळीत गेली.

श्रावणात सावद्याहून बोलावणं आलं. केळीचे बागाईतदार जीवराम पाटील ऐन तिशीत क्षयानं अंथरुणाला खिळले होते. लग्नात फोटो राहून गेला, तो आता बायकोबरोबर निघावा एवढंच त्यांच्या मनात होतं.

अंधाऱ्या खोलीत मीटरचा काटा काही हलेना. आजाऱ्यापुढे उजेडाची पूड पेटवून धूर कसा करणार, म्हणून कौतिकनं महागाचा फ्लॅशचा बल्ब लावला. लख्खकन उजेड पडला. जीवराम हसले. त्यांची बायको वच्छलाबाई कपाळभर कुंकू लावून ताठ बसली होती.

आठवड्यानं फोटो घेऊन कौतिक पुन्हा सावद्याला उतरला. फोटो तयार करताना त्यानं जीवरामचे डोळे पाहिले, पागोट्याची घडी पाहिली, स्वतःची पाठ थोपटून घेतली. शहाणा मोठा! पाहायचं तेवढंच राहिलं. जीवरामच्या आईनं, भिकुबाईनं, फोटो हातात घेतला आणि त्यातल्या सुनेच्या कपाळावर बोट ठेवलं.

“हिचं कपाळ पांढरं काढलं रे तुनं.”

जास्वंदीची लाली उजळणाऱ्या फिल्मनं कुंकूही उजळवून कातडीच्या रंगात मिसळून टाकलं होतं. नवरा समोर जिवंत, आणि कौतिकनं त्याच्या बायकोला फोटोत विधवा करून आणलं होतं.

“चुकलं, अक्का. ब्रश आहे जवळ, आत्ता रंगवून देतो.”

“इकडे आन,” जीवराम म्हणाले.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. वच्छलाबाई दाराशी उभी होती, तिच्याकडेही पाहिलं.

“आई, मी गेल्यावर ही अशी दिसन. मले पाहावत नही.” त्यांना दम लागला. “हिचं कुंकू पुसू नको. कोनाले पुसू देऊ नको.”

“असं अभद्र बोलू नको, बाबा.”

“हो म्हन.”

भिकुबाई पदरानं डोळे पुसत आत निघून गेली. कौतिकनं ब्रशनं कुंकू रंगवलं, पण जीवरामनी ते पाहिलंही नाही. त्यांची नजर आईच्या वाटेकडे लागली होती.

दिवाळीआधी जीवराम गेले. कौतिकला कळलं, पण जायला तोंड नव्हतं. तो गेला नाही.

होळीच्या सुमारास भिकुबाई सुनेला घेऊन त्याच्या दुकानात आली. वच्छलाबाईचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला. कौतिक उगाच कॅमेरा पुसत राहिला.

“भावकीनं आमच्या घरचं पानी सोडलं,” भिकुबाई म्हणाली. मग तिनं आपल्या हातानं सुनेचा पदर मागं सारला. कपाळावर कुंकू होतं, ठसठशीत.

“हिचा फोटो काढ, भाऊ. कुंकू दिसाले पाह्यजे. तो इचारत होता, तव्हा माह्या तोंडून हो निंघालं नही.”