मास्तर रागावले नाहीत

"फार छान. पुढे जाऊ या," मास्तर म्हणाले, आणि आम्ही पन्नास वादक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. एकतीस वर्षांत या माणसाच्या तोंडून 'छान' हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

ब्रेटश्नायडर मास्तर आमच्या गावच्या नाट्यगृहातल्या वाद्यवृंदाचे संचालक. एका सुरासाठी बारा वेळा थांबवणारे, पक्के खडूस. घरी बसून स्वतः संगीत लिहायचे, पण ते कधी आमच्यापुढे ठेवलं नाही. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांची एकुलती एक सिंफनी वाजवायची की नेहमीचे नाचाचे वॉल्ट्झ, हे नवे व्यवस्थापक आजची तालीम ऐकून ठरवणार होते. ते सातव्या रांगेत बसून सारखे घड्याळ बघत होते.

आणि मास्तर स्वतःचीच रचना माफी मागितल्यासारखी उरकत होते! शेवटच्या संथ भागात मी हॉर्नवर चक्क बेसूर झालो, तरी "असू दे, असू दे" म्हणत ते पुढे पळाले. मला माझीच लाज वाटली.

शेवटी पहिल्या व्हायोलिनच्या लोरेबाईंनी गज खाली ठेवला.

"मास्तर, दुसऱ्यांच्या संगीतासाठी आमची सालटं काढता. मग तुमच्या संगीतानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"उगीच तुम्हाला त्रास कशाला..."

"द्या की त्रास! इतकी वर्षं दिलात ना? हा डीटर बेसूर फुंकतो आणि तुम्ही गप्प?"

डीटर म्हणजे मी. मी मान डोलावली.

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा पुसला आणि ताल द्यायची छडी खाडकन आपटली. "डीटर! हॉर्न वाजवतोयस की सूप गार करतोयस? पहिल्यापासून!"

आमचा जीव भांड्यात पडला. त्या संथ भागात त्यांनी नऊ वेळा थांबवलं, सगळ्यांचा उद्धार केला. दहाव्या वेळी तो भाग असा काही जमून आला की हॉर्न खाली घ्यायचंही मला सुचेना. एवढं सुंदर संगीत हा माणूस कपाटात ठेवून बसला होता.

आमच्याकडे तालमीत टाळ्या वाजवत नाहीत, हातात वाद्यं असतात. मनापासून आवडलं तर जमिनीवर पाय घासायचे. आधी लोरेबाईंचा बूट घासला, मग सगळ्यांचे. त्या खरखराटात व्यवस्थापक उठून उभे राहिले. "शनिवारी हेच," ते म्हणाले.

मास्तरांनी वर पाहिलं नाही. ते स्वरलिपीच्या वहीची पानं उलटत होते. सिंफनी तिथंच संपली होती, पुढची सगळी पानं कोरी होती.

"डीटर," ते हळूच म्हणाले, "तो सूर अजून किंचित उतरतोय."