डावा स्केट जरा घट्ट

ऋताने डाव्या बुटाची लेस कचकन ओढली, दुहेरी गाठ मारली आणि मनाशी पुन्हा एकदा पक्कं केलं, आज हरायचं. लोकांच्या डोळ्यांवर येईल असं नाही. नीटनेटकं, चारचौघांत शोभेल असं हरायचं.

शेजारच्या बाकावर तिचे बाबा, दिनानाथ, थर्मासमधून चहा ओतत होते. कॅम्प पाच भागातल्या एका शाळेमागचं हे रिंक त्यांच्या अगदी पायाखालचं. बदलापूरहून पहाटे स्कूटरवर निघायचं, तिची प्रॅक्टिस संपेपर्यंत इथेच पेंगायचं, तिला आधी शाळेत, आता कॉलेजला सोडायचं आणि तसंच अंबरनाथला कंपनीत हजर व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. ऋता पहिलीत होती तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आता उरलेत तेवढे पांढरे.

अशा माणसाला 'मला आता नको' हे सांगायचं कुठल्या तोंडाने? आणि त्यांना एकट्याला सांगून भागतंय थोडंच. आईने कॅम्प दोनच्या बाजारातून ड्रेससाठी मखमल आणि चमकते खडे आणून ठेवलेले. तिचे कोच हितेश सर 'अपनी ऋता इस बार नॅशनलला पक्की' असं दिसेल त्या पालकाला सांगत सुटलेले. सगळ्यांचा उत्साह नुसता उतू चाललेला, आणि जिच्या जिवावर हे सगळं, तिला सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना रडू यायचं. घोटा दुखायचा, पण घोट्याचं काय, शेकला की बरा. मनाचा कंटाळा शेकून जात नव्हता. एकोणीस वर्षांची पोरगी, आणि रिटायरमेंटला टेकलेल्या माणसासारखी दमलेली.

आज नॅशनलच्या निवडीत नाव आलं नाही की प्रश्न मिटला. नशीब नव्हतं म्हणायचं आणि सुटायचं.

आजचा प्रकार हरायला सोयीचा होता. यात ना गाणं, ना उड्या, ना गिरक्या. जमिनीवर मोठाली वर्तुळं रंगवलेली असतात, त्या रेषेवरून एका पायावर, अंग झुकवून, रेषा न सोडता फिरायचं. मागून परीक्षक हात पाठीशी बांधून चालत येतात, नजर रेषेवर. दुसरा पाय जरासा टेकला की गुण गेलेच. ऋता तोच टेकवणार होती, घोट्याने दगा दिल्यासारखा.

सरावाच्या फेरीसाठी नाव पुकारलं. तिने डावा पाय रेषेवर ठेवला, धक्का घेतला, अंग झुकवलं. स्केट वळेना. सरळ पळत रेषेबाहेर गेला. तिने परत येऊन पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिच्या लक्षात आलं. चाकांवरचा नट आवळलेला होता. तो सैल असला की अंग झुकेल तसा स्केट वळतो. घट्ट असला तर गोल फिरणं विसराच.

नट बाबाच बघायचे, अगदी पहिल्यापासून. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बाल्कनीत पेपर पसरून पाना घेऊन बसायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कंपनीत टूलरूम सांभाळणारा माणूस, हाताखालच्यांना सुतभर चूक माफ नाही. गॅस बंद आहे ना हे दोनदा बघितल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. हा माणूस विसरेल?

तिने वळून पाहिलं. बाबा रिंककडे बघतच नव्हते. मान खाली घालून बसले होते.

ऋताला राग आला, चांगला सणकून आला. हरायचं ते तिचं तिने ठरवलं होतं, यांना कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तिने हात वर करून परीक्षकांकडे वेळ मागून घेतला आणि तरातरा बाकाशी आली. पण जवळून त्यांचे वाकलेले खांदे दिसले आणि तिचा आवाज आपोआप खाली आला.

"बाबा, डावा घट्ट आहे."

"हो? राहिला असेल."

"तुमच्याकडून?"

बाबांनी थर्मासचं झाकण फिरवून लावलं.

"घोटा सुजतोय तुझा," ते म्हणाले. "जिना उतरताना कठड्याला धरतेस. मी मागेच असतो ना रोज."

"मग विचारायचं."

"विचारलं असतं तर म्हणाली असतीस, काही नाही बाबा." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आणि खरं सांगू? मी पण थकलोय गं. पण म्हटलं, पोरगी एवढ्या उभारीने करतेय, आपण कशाला मोडता घाला."

"उभारी कसली. मी आज मुद्दाम पाय टेकवणार होते."

बाबांनी आता मात्र वर पाहिलं. लेकीकडे बघतच राहिले.

"ए ऋता, जल्दी कर ना," पलीकडून हितेश सर ओरडले. "नंबर येतोय तुझा."

बाबांनी खिशातून पाना काढला, नटाला लावला आणि थांबले.

"बोल. सैल करू, की राहू दे?"

रिंकवर एक छोटी मुलगी जीभ दातांत धरून वर्तुळ फिरत होती. ऋताला तिचा हेवा वाटला नाही, कौतुकही वाटलं नाही. फक्त ही पुढच्या वळणावर रेषा सोडणार हे तिला आधीच दिसलं, आणि तसंच झालं.

"सैल करा," ती म्हणाली. "शेवटचंच आहे, तर नीट करते."

"आणि निवड झाली तर?"

"तर माझ्याऐवजी दुसरीला न्या म्हणून सांगेन. सरांना मीच सांगेन. आईलासुद्धा."

बाबांनी नट फिरवला, स्केट दाबून पाहिला, पुन्हा किंचित फिरवला. काम झालं तरी त्यांचा हात तिच्या सुजलेल्या घोट्यावर तसाच राहिला.

"जाऊ?"

"जा."

ती निघाली, आणि अर्ध्यातून परत आली.

"उद्या सकाळी मला उठवू नका," ती म्हणाली. "आणि तुम्हीही उठू नका."

बाबांनी मान डोलावली आणि पाना खिशात टाकला.